पियानोवादक पडद्यावर : चेहरा, हात आणि काळा आरसा

पियानोवादकाचे चित्रण करायला निघालेल्या माणसाची पहिली अडचण मोजपट्टीने मोजता येते. पियानोच्या पट्ट्या ८८, त्यांची एकूण रुंदी सव्वा मीटरच्या आसपास. वादक बाकावर ताठ बसला तर त्याचे डोळे पट्ट्यांपासून अर्धा मीटर किंवा थोडे अधिक उंचीवर येतात. म्हणजे डोके आणि बोटे एकाच चौकटीत हवी असतील, तर चौकटीची उंची निदान सत्तर सेंटिमीटर ठेवावी लागते. आजच्या आडव्या पडद्याच्या प्रमाणात तिची रुंदी होते सव्वा मीटर. या चौकटीत वादकाचा पंजा जेमतेम सातव्या हिश्श्याएवढा उरतो. बोट कुठून उचलले, अंगठा खालून कसा सरकला, हे त्यात कुणाला दिसणार? बोटे दिसावीत म्हणून पुढे जावे तर चेहरा जातो, चेहऱ्यावर थांबावे तर हात जातात.

आपल्या वाद्यांना ही अडचण सहसा येत नाही. बासरी चेहऱ्यालाच लागलेली असते, सतारीवरचा हात छातीपाशी असतो. तबल्यात हात आणि चेहरा लांब असले तरी वादक आपल्यासमोर तोंड करून बसतो, त्यामुळे नजर सहज वरखाली फिरते. पियानोवादक मात्र मैफलीत आडवा बसतो. प्रचंड वाद्याचे झाकण उजव्या बाजूला उघडते, आवाज त्या बाजूने बाहेर पडतो, म्हणून उजवी बाजू श्रोत्यांकडे करायची हा रिवाज. श्रोत्याला दिसतो तो उजवा गाल, उजवा खांदा आणि पट्ट्यांची कड. डावा हात बहुतेक वेळ उजव्याच्या आड. सभागृहात डावीकडच्या खुर्च्यांना मागणी जास्त असते ती त्यामुळेच. तिथून निदान हात दिसतात.

सिनेमाने यावर सोपा उपाय काढला. चेहरा एका वेळी घ्यायचा, हात दुसऱ्या वेळी, आणि दोन्ही जोडायचे. पण या जोडाच्या फटीतच सगळा प्रश्न आहे. चेहऱ्याच्या पाठोपाठ आलेले हात त्याच माणसाचे आहेत, हे आपण मानून चालतो. प्रकाश कुठून टाकायचा, कॅमेरे किती, भिंग कोणते, हे सारे नंतरचे. आधी ठरवावे लागते ते हे, की पाहणाऱ्याने संगीत कुठून निघताना पाहायचे आहे : चेहऱ्यातून, बोटांतून, कागदावरच्या स्वरलिपीतून, की वाद्यातून. चित्रणाची आखणी या उत्तराप्रमाणे बदलते, असे मला अनेक वर्षांच्या पाहण्यातून वाटू लागले आहे.

मी पियानो वाजवत नाही आणि कॅमेऱ्याचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. संगीताच्या फिल्म थांबवून थांबवून बघायच्या आणि वहीत नोंदी करायच्या, हा माझा छंद. कुठल्या स्वरावर दृश्य बदलले, दिव्याचे प्रतिबिंब कुठे पडले, डावा हात किती वेळ दिसला, अशा त्या नोंदी असतात. त्यातले काही इथे मांडतो.

या जोडाची सुरुवात जुनी आहे. १९४० ते १९४६ या काळात अमेरिकेत ‘साउंडीज’ नावाच्या तीन-तीन मिनिटांच्या गाण्याच्या फिल्म निघत. खानावळीत, दारूच्या गुत्त्यात ‘पॅनोरम’ नावाचे कपाटाएवढे यंत्र असे. नाणे टाकले की पडद्यावर एक गाणे. आजच्या म्युझिक व्हिडिओचे हे आजोबा. थोर जॅझ पियानोवादक फॅट्स वॉलर याने १९४१ मध्ये अशा काही फिल्म केल्या. आवाज आधी मुद्रित करायचा आणि मग तो ऐकत कॅमेऱ्यापुढे वाजवण्याचा अभिनय करायचा, ही पद्धत तेव्हाच रूढ झाली होती. वॉलरच्या बाबतीत कॅमेरा चेहऱ्यावर रेंगाळतो यात काही गैर नाही. त्याच्या भुवया आणि फिरते डोळे हा त्याच्या वादनाचाच भाग होता.

या साउंडीजची एक गंमत अभ्यासकाच्या उपयोगाची आहे. पॅनोरममध्ये चित्र आरशांवरून फिरून पडद्याच्या मागच्या बाजूने पडत असे. त्यामुळे फिल्मच्या प्रती उलट्या, म्हणजे डाव्याची उजवी बाजू करून छापत. अशी प्रत आज सरळ दाखवली तर खर्जाचे स्वर उजवीकडे जातात. मोठ्या पियानोची कुठलीही फिल्म उलटी आहे का, हे ओळखायची खूण सोपी : वादकाचे तोंड पडद्याच्या डावीकडे आहे आणि तरी झाकण आपल्याच बाजूला उघडले आहे, असे दिसले की समजावे, चित्र आरशातले आहे.

हिंदी चित्रपटाने तर पियानोला संसारातच घेतले. मेहबूब खान यांच्या ‘अंदाज’मध्ये (१९४९) दिलीपकुमार पियानोशी बसतो, राज कपूर ‘संगम’मध्ये (१९६४), शम्मी कपूर ‘ब्रह्मचारी’मध्ये (१९६८). यांत पियानो हे वाद्य कमी आणि दिवाणखान्यातली मोक्याची जागा जास्त असते. तिथे बसून नायक भरल्या समारंभात एकाच व्यक्तीला उद्देशून काही सांगू शकतो. म्हणून कॅमेऱ्याची आवडती जागा पियानोच्या पलीकडे, काळ्या पृष्ठभागावरून गायकाच्या चेहऱ्याकडे पाहणारी. हात फळीआड. शब्द चेहऱ्यातून निघतात आणि गाणे शब्दांचे आहे, तेव्हा ही निवड त्या चित्रपटांपुरती बरोबरच होती. त्यांची टिंगल करणाऱ्यांशी मी सहमत नाही.

मात्र त्या चौकटीबाहेर काय राहिले तेही पाहावे. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत खरोखर वाजवणारे हात वेगळे होते. त्यांत गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा वाटा मोठा. लुसीला पाशेको यांचे नाव त्या पियानोवादकांत आदराने घेतले जाते. ध्वनिमुद्रण आधी होई, मग सेटवर नाग्रा यंत्रावर ते वाजवून चित्रण होई. पडद्यावर आपण नायकाचा चेहरा पाहत होतो आणि ऐकत होतो एखाद्या गोवेकर बाईची बोटे. त्या बोटांचे चित्रण कुणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आता या अडचणीचे मला सापडलेले सर्वात चोख उत्तर सांगतो. ते एका खुर्चीने दिले.

कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड (१९३२–१९८२) वडिलांनी करून दिलेल्या घडीच्या लाकडी खुर्चीवर बसून वाजवत असे. तिचे पाय कापून ती इतकी बुटकी केली होती, की बैठक जमिनीपासून १४ इंचांवर, साधारण साडेपस्तीस सेंटिमीटरवर होती. सामान्य बाकापेक्षा दहा-बारा सेंटिमीटर खाली. त्यात तो पुढे झुकून वाजवी. परिणामी त्याचा चेहरा पट्ट्यांपासून दीड-दोन विती अंतरावर येई, कधी त्याहूनही जवळ. मनगटे पट्ट्यांच्या खाली लोंबत, बोटे वर चढून स्वर ओढून घेत. लोक या बैठकीची चेष्टा करीत, डॉक्टर काळजी करीत. पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर या माणसाने चेहरा आणि हात यांच्यातले अंतरच काढून टाकले होते. सत्तर सेंटिमीटरऐवजी पन्नासची चौकट पुरे. जवळ जा, दोन्ही सापडतात.

त्या काळच्या दूरचित्रवाणीचा पडदाही त्याच्या मदतीला होता. तो चारास तीन, म्हणजे आजच्यापेक्षा उभट. रुंदी वाया न घालवता चेहऱ्याखाली हात मावत. (आज मोबाइल उभा धरून केलेल्या चित्रणाला आपण नाके मुरडतो. पण कडेने पाहिलेला पियानोवादक हा उभ्या चौकटीला शोभणाऱ्या मोजक्या विषयांपैकी एक आहे.)

फ्रेंच दिग्दर्शक ब्रूनो मॉन्सँजों याने १९८१ मध्ये गूल्डचे बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’चे वादन चित्रित केले. जागा न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरचे कोलंबिया कंपनीचे ध्वनिमुद्रणगृह. ती मुळात चर्चची इमारत. छत उंच, आवाज मोकळा. गूल्डने हीच रचना १९५५ मध्ये याच वास्तूत मुद्रित करून नाव मिळवले होते. ती तबकडी साडेअडतीस मिनिटांच्या आसपास होती, १९८१चे वादन एक्कावन्नच्या घरात गेले. १९६४ मध्येच त्याने जाहीर मैफली सोडल्या होत्या. श्रोत्यांना तो यानंतर भेटणार होता तो ध्वनिमुद्रणातून आणि पडद्यावरून. म्हणून ही फिल्म त्याच्या दृष्टीने मैफलीची नोंद नव्हती, तीच मैफल होती.

बाखने १७४१ मध्ये छापलेली ही रचना म्हणजे एक अस्ताई आणि तिच्या खर्जावर बांधलेले तीस अवतार, शेवटी पुन्हा तीच अस्ताई. ‘अस्ताई’ हा शब्द मी सोयीसाठी वापरतो आहे, जाणकारांनी क्षमा करावी. यातले बरेच अवतार दोन मजली पट्ट्यांच्या हार्प्सिकॉर्डसाठी लिहिले आहेत. एक हात वरच्या मजल्यावर, एक खालच्या, त्यामुळे दोघे एकमेकांवरून खुशाल जा-ये करतात. पियानोला एकच मजला. तिथे हे वाजवायचे म्हणजे दोन्ही हात एकाच जागी येतात. एकाला वरून, दुसऱ्याला खालून वाट काढावी लागते. नुसते ऐकताना दोन स्वतंत्र सूर एकमेकांना छेदून गेले एवढेच कळते. पाहताना कळते, की ते छेदणे मनगटांच्या किती बारीक तडजोडीतून घडते. अशा वेळी हातांचे दृश्य ही सजावट राहत नाही, तो रचनेचा अर्थ होतो. आणि त्याच चौकटीत गूल्डचे ओठ हलताना दिसतात, कारण तो वाजवताना गुणगुणतो, बहुधा हात वाजवत नाहीत असे काहीतरी. तीन सूर, दोन हात, एक तोंड.

याच गूल्डवर १९५९ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी रोमन क्रॉइटर आणि वुल्फ कोनिग यांनी दोन छोटे अनुबोधपट केले होते. तिथे कॅमेरा त्याच्या मागे-मागे फिरतो, मिळेल त्या प्रकाशात मिळेल ते टिपतो. तो आनंद वेगळा. १९८१च्या फिल्ममध्ये कॅमेऱ्याला स्वरलिपी ठाऊक असल्यासारखी वाटते. पुढच्या ओळीत कोणता हात महत्त्वाचा होणार हे आधी माहीत असल्याशिवाय तो तिथे वेळेवर पोचू शकत नाही. पियानोच्या चित्रणाची आखणी स्वरलिपीवर पेन्सिल घेऊन करायची असते, हे मी या फिल्मवरून शिकलो.

आता प्रकाशाकडे वळतो. इथे दुसरी अडचण : पियानो काळा नसतो. तो आरसा असतो, काळा आरसा. त्याच्या लाखेसारख्या चकचकीत लेपाला स्वतःचे रूप जवळपास नाहीच. समोर जे असेल ते तो दाखवतो. छपरावरची पंख्याची पाती, कॅमेऱ्यामागचा माणूस, त्याचा पांढरा शर्ट, दिव्याचा गोळा. लग्नाच्या चित्रणाला सरावलेला माणूस इथे दिवे वाढवत जातो आणि पियानो अधिकाधिक ठिपकेदार होत जातो.

उपाय उलटा आहे. दिवा पियानोवर मारायचा नाही. पियानोला दिसेल अशा जागी एक मोठी पांढरी वस्तू ठेवायची आणि दिवा त्या वस्तूवर मारायचा. आपल्याकडे चित्रीकरणात थर्मोकोलची पांढरी पाटी त्यासाठी सर्रास वापरतात. पियानोला एक पाटी पुरत नाही, तीन-चार सलग लावाव्या किंवा दोन-तीन मीटर लांबीची पांढरी चादर ताणावी. आरशाचा नियम शाळेत शिकलेलाच : किरण ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. कॅमेऱ्याच्या जागेवरून पियानोची वळणदार कड पाहायची, तिच्यात खोलीचा कोणता भाग दिसतो ते शोधायचे आणि चादर तिथे टांगायची. मग त्या कडेवर एक लांब, अखंड, मऊ पांढरी रेघ उमटते आणि काळ्या अंधारातून काळा पियानो वेगळा निघतो. उरलेल्या बाजूंना काळे कापड लावायचे, म्हणजे आरशाला पाहण्यासारखे काही उरत नाही.

नको असलेली चमक मारायला भिंगावर पोलरायझर काच बसवता येते. लाखेसारख्या अधातू पृष्ठभागावरून साधारण ३५ अंशांच्या कोनाने परतणाऱ्या चमकेवर ती सर्वात परिणामकारक. आतल्या ओतीव लोखंडी सांगाड्याच्या सोनेरी झळाळीवर तिचा तसा प्रभाव नाही, आणि आत येणारा प्रकाश ती निम्म्याहूनही कमी करते. मी ती शेवटचा उपाय मानतो. सगळी चमक गेली तर पियानो काजळी धरलेल्या पेटीसारखा दिसतो. पट्ट्यांमागे जी फळी उभी असते तिच्यात हातांचे प्रतिबिंब पडते, ते तर राखायलाच हवे. कडेने पाहताना आड गेलेला डावा हात पुष्कळदा त्या फळीत सापडतो.

हातांचा प्रश्न आणखी नाजूक. पांढऱ्या पट्ट्या प्रखर, पियानो गडद काळा, आणि मध्ये माणसाची त्वचा. या विषयावरचा बराच उपदेश गोऱ्या हातांना धरून केलेला असतो. आपल्या सावळ्या हातांना तो लागू नाही. कॅमेरा स्वयंचलित ठेवला तर तो पांढऱ्या पट्ट्यांना घाबरून सगळा प्रकाश आवळतो आणि बोटांच्या काड्या होतात. म्हणून प्रकाशाचे माप हाताच्या पाठीवर घ्यायचे, तिथेच कॅमेरा पक्का करायचा, आणि पट्ट्या फार फुलल्या तर पट्ट्यांच्या पुढच्या कडेवरचा प्रकाश काळ्या कापडाच्या पट्टीने थोडा कापायचा. मुख्य दिवा बरोबर डोक्यावर नको. हाताची सावली नेमकी त्या पट्टीवर पडते, जिथे बोट पुढच्या क्षणी जाणार असते.

हे मला एका मुलीने शिकवले. आमच्या ओळखीतली ही मुलगी पुण्यात पियानो शिकते. गेल्या वर्षी तिला परदेशातल्या संगीत महाविद्यालयाच्या अर्जासाठी चित्रण पाठवायचे होते, आणि त्याच दिवशी, त्याच सभागृहात, तिला शूमानच्या ‘ट्रॉयमेराय’चा एक म्युझिक व्हिडिओही करायचा होता. दिवे लावून झाल्यावर ती दोन ओळी वाजवून थांबली. “काका, सावली पट्टीवर आली की मला कमी ऐकू येतं,” ती म्हणाली. पट्ट्यांच्या खर्जाच्या टोकाकडे दिवा उंच नेऊन, चादरीतून गाळून पाहिला. सावल्या पट्ट्यांच्या लांबीवर आडव्या पसरल्या आणि फिकट झाल्या. ती पुन्हा वाजवू लागली. वादकाचे डोळे ही प्रकाशयोजनेची पहिली कसोटी, कॅमेरा दुसरी.

सभागृहात जुन्या ट्यूबलाइट होत्या. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, त्यामुळे अशा नळ्या सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. कॅमेऱ्याचा शटर १/५० सेकंदावर ठेवला तर प्रत्येक चित्रात बरोबर दोन झपके मावतात आणि प्रकाश स्थिर दिसतो. १/६० वर ठेवला की चित्रावरून पट्टे सरकू लागतात. अमेरिकेत तयार झालेल्या सूचना वाचून १/६० ठेवणारे पुष्कळ भेटतात. तिथली वीज ६० आवर्तनांची आहे, एवढेच.

दुसरी बाब उष्णतेची. तारा तापल्या की सैल होतात आणि स्वर उतरतो. जुने हॅलोजन दिवे तासभर पेटले तर स्वर लावलेला पियानोही बिनसतो. एलईडी दिव्यांनी हे बरेच सोपे केले. तरी आवाजासाठी पंखे बंद करायचे म्हणजे पुण्याच्या मे महिन्यात सभागृह आपोआप तापते. क्रम असा हवा : आधी दिवे लावा, पंखे बंद करा, तासभर जाऊ द्या, मग स्वर लावणाऱ्याला बोलवा. आमच्याकडे आलेल्या वयस्क गृहस्थांनी पुन्हा दिवे हलवू नका अशी तंबी दिली आणि ती योग्य होती.

‘ट्रॉयमेराय’ अवघी २४ मापांची, पहिली आठ पुन्हा वाजवायची. एकच वर चढणारा वाक्यांश पुन्हा पुन्हा येतो, दर वेळी थोडा वेगळा वळतो आणि शेवटाकडे एका थबकलेल्या कॉर्डवर जाऊन टेकतो. स्वरलिपीच्या झेरॉक्सवर आम्ही दोघांनी पेन्सिलने खुणा केल्या. कुठे हात, कुठे चेहरा, कुठे दोन्ही. तिचा आग्रह होता की दृश्य बदलायचे ते वाक्यांश सुरू होताना, तो शिखरावर असताना नाही. शिखरावर दृश्य बदलले की पाहणाऱ्याचे लक्ष बदलाकडे जाते आणि स्वर हुकतो. अख्ख्या रचनेत आम्ही दृश्य चारदाच बदलले. पियानोच्या उजवीकडून पाहणारा कॅमेरा अचानक डावीकडे नेला तर वादकाचे तोंड पडद्यावर उलट्या दिशेला वळते आणि खर्ज-तार यांची जागा बदलते. म्हणून एकदाच, मधल्या भागाच्या तोंडाशी, तेही आधी वरून पट्ट्या दाखवून मग पलीकडे गेलो.

आवाज आदल्या दिवशी मुद्रित केला होता. चित्रणाच्या वेळी तो वाजवत ठेवायचा आणि त्याबरोबर पुन्हा वाजवायचे. गायकाला हे जमते; पियानोवादकाची पंचाईत अशी, की समोरचा खरा पियानो त्या मुद्रणाला गिळून टाकतो. कॅमेरा उजवीकडे असताना डाव्या कानात छोटा इअरफोन, डावीकडे असताना उजव्या, असा मार्ग काढला. तरी स्वतःच्याच कालच्या लयीत, कालच्याच ठिकाणी रेंगाळणे सोपे नाही. इथे चूक लपत नाही. सेकंदाला २५ चित्रे धरली तर एक चित्र ४० सहस्रांश सेकंदांचे. जलद तानेत सेकंदाला बारा स्वर पडले तर एका स्वराच्या वाट्याला दोनच चित्रे येतात. दोन चित्रांचा फरक म्हणजे पूर्ण एक स्वर चुकला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ सहस्रांश सेकंद आधी आला तर माणसाला जाणवू लागते, मागे पडला तर १२५ पर्यंत चालून जाते. निसर्गात आवाज उशिराच पोचतो, दहा मीटरवरून तीसेक सहस्रांशांनी, त्यामुळे उशिराची आपल्याला सवय आहे. हळुवार वाजवताना पट्टी दाबायला लागल्यापासून हातोडी तारेवर पोचेपर्यंत दशांश सेकंदाहून अधिक वेळ जाऊ शकतो. संकलकाने बोट हलताच आवाज बसवला तर ‘ट्रॉयमेराय’सारखी रचना खोटी वाटते, बोट आधी बुडायला हवे.

हीच रचना व्लादिमीर होरोविट्झने २० एप्रिल १९८६ला मॉस्को कन्झर्वेटरीच्या मोठ्या सभागृहात वाजवली, तेव्हा तो ८२ वर्षांचा होता आणि ६१ वर्षांनी मायदेशी आला होता. दिग्दर्शक ब्रायन लार्ज याने त्या वेळी कॅमेरा श्रोत्यांकडे वळवला. एका माणसाच्या गालावरून अश्रू ओघळताना दिसतो. ते दृश्य जगभर गाजले, मलाही ते हलवून गेले. पण त्या क्षणी होरोविट्झची ती सपाट, जवळजवळ निजलेली बोटे काय करत होती हे आपण पाहिले नाही, याची रुखरुख माझ्या वहीत लिहिलेली आहे.

स्व्यातोस्लाव रिख्टरने उतारवयात दोन्ही नाकारले. अंधाऱ्या सभागृहात स्वरलिपीवर एक छोटा दिवा, बस. लोकांनी वादकाचे हावभाव आणि बोटे पाहू नयेत, संगीत ऐकावे, ही त्याची भूमिका. त्याच्या प्रकाशयोजनेने उत्तर दिले होते : संगीत कागदावर आहे. लुडोव्हिको एइनाउदीने २०१६ मध्ये ग्रीनपीससाठी स्वालबार्डच्या हिमनदीपुढे तरंगत्या तराफ्यावर पियानो वाजवला, तिथे वादक हिमनदीपुढे मुद्दाम लहान ठेवला आहे. काळ्या पियानोला इतकी मोठी पांढरी चादर दुसऱ्या कुणाला मिळालेली नाही.

आणि श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ (२०१८). पुण्यात घडणाऱ्या या चित्रपटाचे बीज ऑलिव्हिए त्रेनेर याच्या ‘ल’अकॉर्दर’ या फ्रेंच लघुपटात आहे. आंधळा असल्याची बतावणी करणारा वादक पियानो वाजवतो आहे आणि त्याच खोलीत प्रेत पडले आहे. त्याने पाहिले हे चेहऱ्यावर उमटता कामा नये आणि हात थांबता कामा नयेत. इथे चेहरा आणि हात वेगवेगळे दाखवले असते तर प्रसंग कोसळला असता. आयुष्मान खुराना पियानो शिकला ते यासाठी. हिंदी पडद्यावर सत्तर वर्षे फळीआड राहिलेले हात शेवटी चेहऱ्याखाली आले, आणि आले ते खोटे बोलणाऱ्या पात्राच्या गरजेपोटी, हे मला फार मजेचे वाटते.

मुलीच्या अर्जाचे चित्रण आम्ही म्युझिक व्हिडिओच्या आधी उरकले. अनेक संगीत महाविद्यालयांची अट असते : एकच सलग चित्रण, काटछाट नाही, हात आणि चेहरा पूर्ण वेळ दिसलेच पाहिजेत. परीक्षक न भेटता, हजारो मैलांवरून, हे हात याच माणसाचे आहेत ना एवढेच तपासत असतात. मुलीचे पुढचे चार वर्षांचे आयुष्य त्या एका चौकटीवर होते. तिथे थर्मोकोल, चादर, काळे कापड तेच ठेवले. कॅमेरा मात्र एक. पियानोच्या उजवीकडे, अडीच मीटरवर, तिच्या खांद्याच्या उंचीला आणि किंचित मागे सरकवून, म्हणजे डावा हात उजव्याआड जात नाही आणि उरलासुरला फळीत दिसतो. चौकटीची उंची ऐंशी सेंटिमीटर धरली, कारण वाजवताना ती मागे झुकते. चष्म्यात दिवा चमकत होता, तो हातभर वर नेला. बाखच्या फ्यूगचे चित्रण तिसऱ्या खेपेला झाले. शेवटचा स्वर विरेपर्यंत, पाय पेडलवरून उठून आतले दाबक तारांवर टेकल्याचा बारीक आवाज येईपर्यंत, मी कॅमेरा बंद केला नाही.